तिबिलिसीपासून बिश्केकपर्यंत डॉक्टरकी शिकणाऱ्या मराठी मुलामुलींना खुले पत्र

प्रिय मुलामुलींनो,

तुमच्यापैकी कुणी जॉर्जियात तिबिलिसीला आहे, कुणी किर्गिझस्तानात बिश्केकला, कुणी उझबेकिस्तानात समरकंदला, कुणी रशियात कझानला. निघताना आईने कुकर, गोडा मसाला आणि दोन-चार किलो पोहे बॅगेत कोंबले असतील आणि एजंटने कागदांची एक फाइल हातात दिली असेल. रशियाला गेलेल्यांच्या त्या फाइलीत एचआयव्ही तपासणीचाही एक कागद होता, ‘निगेटिव्ह’ असा शिक्का मारलेला. लॅबमधून आणला, व्हिसाच्या अर्जाला जोडला, विसरून गेलात. मी या पत्राची सुरुवात त्या कागदापासून करते आहे. तुम्ही ज्या देशांत शिकता आहात तिथे गेली तीस वर्षं माणसं अशाच एका कागदाच्या भीतीने दवाखान्याची पायरी चढत नाहीत, आणि घरी बसून राहिलेली ही माणसं क्षयाने मरतात.

मी तुमच्या आईच्या वयाची आहे. 1993 साली सोलापूरहून युक्रेनला शिकायला गेले. सोव्हिएत संघ मोडून दोन वर्षं झाली होती. तिथे तेव्हा कुपोन नावाच्या नोटा चालायच्या आणि बाजारातल्या जिनसांचे भाव महिन्याभरात दुपटीला टेकायचे. आम्हाला शरीरशास्त्र शिकवणाऱ्या बाईंना तीन-तीन महिने पगार मिळायचा नाही. रविवारी त्या बटाटे आणि लोणच्याच्या बरण्या घेऊन बाजारात बसायच्या, आणि आम्ही दिसलो की मान दुसरीकडे वळवायच्या. कारखाने बंद पडत होते, गोद्या ओस पडत होत्या. माझ्या वयाची मुलं दिवसभर इमारतींच्या जिन्यांत बसून असायची.

त्या जिन्यांत जे चाललं होतं त्याला ‘शिर्का’ म्हणत. खसखशीची वाळकी बोंडं घरच्या शेगडीवर उकळून केलेली काळपट अफू. विकणारा एकाच भांड्यातून सगळ्यांच्या सिरिंजा भरून द्यायचा. एकाच्या रक्तातला विषाणू त्या भांड्यात उतरला की पुढच्या दहांना मिळायचा. 1994 पर्यंत युक्रेनमध्ये एचआयव्हीचे नवे रुग्ण वर्षाला मोजके सापडत. 1995 मध्ये ओदेसा आणि मिकोलाइव्ह या दोन बंदरांतून स्फोट झाला आणि देशाचा आकडा एका वर्षात हजारापुढे गेला, पुढच्या वर्षी पाच हजारांपुढे. लगोलग रशियातलं कालिनिनग्राद, बेलारूसमधलं स्वेतलागोर्स्क, कझाकस्तानातलं तेमिरताउ. सगळीकडे तीच कथा: काम गेलेली गावं, स्वस्त नशा, एक सुई.

क्षय याच माणसांच्या मागोमाग आला. 1991 मध्ये रशियात लाख लोकसंख्येमागे वर्षाला 34 नवे क्षयरुग्ण नोंदले जात होते, 2000 पर्यंत ते 90 झाले. तुरुंगांत सुमारे दहा लाख माणसं होती आणि त्यांच्यात दहातल्या एकाला क्षय होता. नशा करणाऱ्यांना पोलीस तुरुंगात टाकत, तुरुंगात क्षय लागे, अर्धवट औषध घेऊन ते सुटत, आणि औषधाला दाद न देणारा जंतू घेऊन आईवडिलांच्या दोन खोल्यांच्या घरात परत येत.

1997 च्या हिवाळ्यात क्षयाच्या वॉर्डात माझी पोस्टिंग लागली. कुठल्या शहरातला आणि कुठला दवाखाना ते सांगत नाही, त्या काळी तसे शेकडो होते. थंडी आत येऊ नये म्हणून खिडक्यांच्या फटींवर साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या कागदी पट्ट्या चिकटवलेल्या असायच्या. वरच्या कोपऱ्यात एकच छोटं तावदान उघडता यायचं, त्याला फोर्तोच्का म्हणतात. ते उघडलं की पेशंट गारठून ओरडायचे आणि नर्स येऊन बंद करायची. एका खोलीत अठरा खाटा, आणि कुणाचा जंतू कुठल्या औषधाला दाद देतो हे कुणालाच ठाऊक नाही.

अकरा नंबरच्या खाटेवर गोदीत क्रेन चालवणारा सत्तावीस वर्षांचा तरुण होता. बेडक्यात जंतू, उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला पोकळी. तो टोचून घ्यायचा. दुसऱ्या रात्री त्याचं अंग मोडून आलं, उलट्या सुरू झाल्या, नाका-डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. अफू तुटली की होतं ते सगळं. ड्यूटीवरच्या डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, हे आमचं काम नाही, नार्कोलॉजीचं, म्हणजे व्यसनांवर उपचार करणाऱ्यांचं आहे. नार्कोलॉजीच्या दवाखान्याने फोनवर सांगितलं, थुंकीत जंतू असलेला माणूस आम्ही घेत नाही. एड्स सेंटरने सांगितलं, त्याला ओळखपत्र घेऊन स्वतः पाठवा. ते शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं, दोन ट्राम बदलून जावं लागे. तिसऱ्या दिवशी सकाळी खाट रिकामी. चादर नीट घडी करून ठेवलेली, उशीखाली रिफॅम्पिसिन या क्षयाच्या औषधाच्या न घेतलेल्या लाल कॅप्सूल. केसपेपरवर शेरा लिहायचा होता: ‘शिस्तभंग. स्वतःहून निघून गेला.’

तो शेरा माझ्या हातचा आहे. डॉक्टरांनी सांगितलं आणि मी लिहिला. आज इतक्या वर्षांनीही तो शेरा मला खोटा वाटतो. तो माणूस एकच होता, आणि त्याच्या तीन दुखण्यांसाठी शहरात तीन दवाखाने, तीन वह्या आणि तीन दारं होती. क्षयवाल्यांनी नशेकडे पाहायचं नाही, नशेवाल्यांनी क्षयाकडे, एड्सवाल्यांनी दोन्हींकडे. त्याला तिथे टिकून राहायला फार थोडं लागलं असतं. रोज सकाळी क्षयाच्या गोळ्यांबरोबर मेथाडोनचा, म्हणजे अफूची तलफ शमवणाऱ्या औषधाचा, एक डोस, त्याच खाटेवर, त्याच नर्सच्या हातून.

ही वेगवेगळी दारं सोव्हिएत काळात बांधली गेली, आणि त्या काळात क्षयावर त्यांचा उपयोगही झाला हे मान्य करायला हवं. गावोगाव फिरून छातीचे फोटो काढले जायचे, सापडलेल्या रुग्णाला महिनोन्महिने दवाखान्यात ठेवून खाऊ-पिऊ घातलं जायचं. आपल्याकडे मिरजेला सॅनिटोरियम होतं, त्याच जातीची ही व्यवस्था, फक्त अवाढव्य. पण दवाखान्याला पैसे मिळायचे ते खाटांच्या हिशोबाने, त्यामुळे खाट भरलेली ठेवणं हेच काम होऊन बसलं. आपल्या मद्रासमध्ये 1959 सालीच सिद्ध झालं होतं की घरी राहून गोळ्या घेणारा क्षयरुग्ण सॅनिटोरियममधल्या रुग्णाइतकाच बरा होतो आणि त्याच्या घरच्यांनाही त्यामुळे जास्त धोका होत नाही. तिथे हे पोचायला चाळीस वर्षं लागली. सायबेरियातल्या तोम्स्कमध्ये पुढे असं दिसलं की गोळ्या नियमित घेणारे लोकही दवाखान्यात ठेवले गेले तर त्यांच्यात औषधांना न जुमानणारा क्षय होण्याचं प्रमाण जास्त होतं. बरं व्हायला आलेली माणसं शेजारच्या खाटेवरून तो जंतू घेऊन जात होती.

आणि दुसरी वही, नशेची. तिला ‘उच्योत’ म्हणतात, म्हणजे नोंद. या नोंदीत नाव चढलं की गाडी चालवायचा परवाना जातो, नोकरी जाते, पोलीस ओळखायला लागतात. कोण स्वतःहून जाईल तिथे नाव सांगायला? तिसरी वही एचआयव्हीची. रशियाच्या 1995 च्या कायद्यानुसार एचआयव्ही निघालेल्या परदेशी माणसाला देशाबाहेर काढता येतं. ताजिकिस्तान, उझबेकिस्तानातून मॉस्कोला बांधकामावर गेलेला मजूर खोकत राहतो पण तपासायला जात नाही, कारण तपासणी म्हणजे घरी पैसे पाठवणं बंद.

आज काय स्थिती आहे ते तुम्हाला ठाऊक असायला हवं, कारण तुम्ही त्याच हवेत श्वास घेता आहात. यूएनएड्स या संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक संस्थेच्या अंदाजाप्रमाणे 2023 मध्ये पूर्व युरोप आणि मध्य आशियात सुमारे 1 लाख 40 हजार माणसांना नव्याने एचआयव्हीची लागण झाली. 2010 पासून जगातला हा आकडा 39 टक्क्यांनी घटला, तिथे मात्र वीस टक्क्यांनी वाढला. एचआयव्ही असलेल्यांपैकी जेमतेम निम्मे औषधावर आहेत. क्षयाचं म्हणाल तर भारतात पहिल्यांदाच क्षय झालेल्या शंभर जणांत तीनेक जणांचा जंतू मुख्य औषधांना दाद देत नाही. रशिया, बेलारूस, युक्रेन, मोल्दोवा इथे हाच आकडा शंभरात पंचवीस ते पस्तीसच्या घरात आहे. म्हणजे तिथल्या वॉर्डात तुमच्यासमोर खोकणाऱ्या दर तीन-चार नव्या रुग्णांत एक एमडीआरचा, म्हणजे मुख्य औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचा, असू शकतो.

पण या देशांत सगळंच अंधारात आहे असं मी म्हणणार नाही. ज्यांनी दारं जोडली त्यांचं भलं झालं. एस्टोनिया हा आपल्या एखाद्या छोट्या जिल्ह्याएवढ्या वस्तीचा देश. 2001 मध्ये तिथे एका वर्षात जवळपास दीड हजार नव्या लागणी झाल्या. त्यांनी स्वच्छ सुया वाटायला घेतल्या, औषध दिलं, आणि हा आकडा कित्येक पटींनी खाली आला. मोल्दोवाने 1999 पासून थेट तुरुंगात सुया वाटल्या, तेही कैद्यांच्याच हातून, कारण पहारेकऱ्याकडे सुई मागायला कोण जाणार? किर्गिझस्तानने 2002 मध्ये मेथाडोन सुरू केलं आणि पुढे तुरुंगातही नेलं. बिश्केकच्या मुलांनो, हे तुमच्या शहरात घडलेलं आहे. ओळखीच्या एखाद्या डॉक्टरबरोबर जाऊन बघता आलं तर बघून या.

युक्रेननेही ते केलं. 2004 पासून ब्युप्रेनॉर्फिन हे मेथाडोनसारखंच औषध, 2008 पासून मेथाडोन. माझा अकरा नंबरचा दहा वर्षं आधी जन्मला होता एवढंच. 2022 मध्ये युद्ध पेटलं, तुमच्यातले कित्येक जण खारकिव्ह आणि विनित्सियाहून सीमेकडे पळत होते, त्या दिवसांत युक्रेनने या रुग्णांना महिन्याभराच्या गोळ्या घरी नेऊ दिल्या. बॉम्ब पडत असताना.

याच्या उलटही झालंय. 2014 मध्ये क्रिमिया रशियाच्या ताब्यात गेला आणि तिथला मेथाडोनचा कार्यक्रम एका झटक्यात बंद झाला, कारण रशियात मेथाडोनवर बंदी आहे. सुमारे 800 माणसं त्यावर होती. संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे विशेष दूत मिशेल कझाचकीन यांनी वर्षाच्या आत सांगितलं की त्यातले ऐंशी ते शंभर जण मरण पावले. रोमानियाचं वेगळं. देश युरोपीय संघात आला, कागदावर सुखवस्तू झाला, म्हणून 2010 नंतर ग्लोबल फंड या एड्स-क्षयासाठी पैसा देणाऱ्या आंतरराष्ट्रीय निधीचा पैसा थांबला आणि सरकारने तो खर्च उचलला नाही. सुयांचं वाटप आटलं. एचआयव्हीच्या नव्या रुग्णांत टोचून घेणाऱ्यांचं प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं, 2013 पर्यंत ते तीसच्या जवळ गेलं. 2025 च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत गोठवली तेव्हा मला पहिल्यांदा रोमानिया आठवला. देणारा हात आखडतो तेव्हा आधी सुयांचे खोके थांबतात, कारण त्यांच्या बाजूने बोलणारं कुणी नसतं.

तोम्स्कमधलं एक काम मी माझ्या नर्स मुलींना दर वर्षी सांगते. जे रुग्ण सारखे औषध चुकवत, ज्यांना आपण ‘डिफॉल्टर’ म्हणून मोकळे होतो, त्यांच्यासाठी तिथे 2006 मध्ये ‘स्पुत्निक’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. स्पुत्निक म्हणजे वाटेचा सोबती. दोन-दोन नर्सा, एक गाडी आणि मोजकेच रुग्ण. उणे तीसच्या थंडीत त्या नर्सा रुग्ण असेल तिथे जायच्या, घरी, तळघरात, मित्राच्या खोलीवर. गोळ्या द्यायच्या, खायला द्यायच्या, ओळखपत्र हरवलं असेल तर ते काढून द्यायला कचेरीत जायच्या. ज्यांच्यावर सगळ्यांनी पाणी सोडलं होतं त्यांच्यातले सत्तर टक्क्यांच्या आसपास बरे झाले. औषधं तीच होती. फरक इतकाच की या वेळी दारापर्यंत जायचं काम दवाखान्याने केलं.

त्या लोकांचं आपल्यावर ऋण आहे. एमडीआर क्षयासाठी आता जो सहा महिन्यांचा गोळ्यांचा उपचार आहे (बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड, मॉक्सिफ्लॉक्सासिन), तो मुख्यतः उझबेकिस्तान, बेलारूस आणि दक्षिण आफ्रिकेतल्या रुग्णांवर तपासला गेला. नव्या गोळ्यांवर शंभरात एकोणनव्वद जणांचा उपचार यशस्वी झाला, जुन्या उपचारावर बावन्न जणांचा. भारत सरकारने 2024 मध्ये त्याला मान्यता दिली. याआधी आम्ही माणसांना दीड-दोन वर्षं औषधं द्यायचो, त्यात कित्येक महिने रोज इंजेक्शन, आणि काहींचे कान कायमचे जायचे. माझी एक पेशंट शाळामास्तरीण होती. इंजेक्शनच्या चौथ्या महिन्यात ती मला म्हणाली, ‘बाई, वर्गात पोरं बोलतात की नाही तेच कळत नाही मला.’ आज त्या गोळ्यांचं पाकीट हातात घेतलं की मला मिन्स्क आणि ताश्कंदची न पाहिलेली माणसं आठवतात, ज्यांनी आधी त्या स्वतः घेऊन पाहिल्या.

आणि परतफेडही झाली आहे. मुंबईची नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा तिसिले या दोघींचं ऐकू येणं क्षयाच्या औषधांनी गेलं. बेडाक्विलिनवरची कंपनीची मक्तेदारी वाढवणाऱ्या पेटंटला दोघींनी भारतात विरोध केला आणि 2023 च्या मार्चमध्ये आपल्या पेटंट कार्यालयाने ते नाकारलं. त्यानंतर भारतातल्या कंपन्यांना ही गोळी स्वस्तात करायची वाट मोकळी झाली. पण त्याच वर्षी स्वस्त गोळ्यांचा जो पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यातून पूर्व युरोप आणि मध्य आशियातले काही देश वगळले होते. ज्यांनी गोळी तपासून दिली त्यांच्यापैकी काहींना ती महाग पडावी, हे मला सहन होत नाही. आरडाओरडा झाल्यावर काही महिन्यांत कंपनीने बहुतेक गरीब आणि मध्यम देशांत पेटंटचा हक्क न बजावण्याचं जाहीर केलं. आरडाओरडा करावा लागतो, मुलांनो.

आता तुमच्याकडे काय मागायचं ते सांगते.

भाषा शिका. तुमचा अभ्यासक्रम इंग्रजीत आहे कारण आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा तसा नियम आहे, हे मला माहीत आहे. पण पेशंट इंग्रजीत खोकत नाही. तुम्ही वॉर्डात दुभाष्याच्या मागे उभे राहता आणि तो पेशंटच्या दहा वाक्यांचं एक करून सांगतो. त्या गाळलेल्या नऊ वाक्यांत तुरुंग असतो, सुई असते, नवऱ्याने घराबाहेर काढलेलं असतं. रशियनमध्ये ‘काक दाव्नो बालेयेते?’, कधीपासून आजारी आहात, एवढं तरी थोड्या-थोडक्या चुकांसकट विचारता यावं. चुकलं तर ते हसतील आणि तुम्हाला दुरुस्त करतील. हसलेला पेशंट पुढचं सांगतो.

स्वतःला जपा. वॉर्डात एन-95 मास्क लावा, कापडाचा नको. खिडकी उघडता येत असेल तर उघडा, नर्स रागावली तरी. तीन आठवडे खोकला राहिला तर परीक्षा संपेपर्यंत थांबू नका. आणि सिरिंज, सलाइन, रक्ताची पिशवी यांच्याबाबत कुणाच्याही शब्दावर जाऊ नका. 1988 मध्ये रशियातल्या एलिस्ताच्या रुग्णालयात सत्तरच्या वर मुलांना सुयांमधून एचआयव्ही दिला गेला. 2006 मध्ये कझाकस्तानच्या शिमकेंतमध्ये शंभराहून जास्त मुलांना. पुढच्याच वर्षी किर्गिझस्तानच्या ओशमध्येही तेच उघडकीला आलं. शिमकेंतच्या डॉक्टरांवर आणि अधिकाऱ्यांवर खटले चालले, शिक्षा झाल्या. त्या सुया नशेबाजांच्या नव्हत्या. पांढरा कोट घातलेल्यांच्या होत्या.

आणि तुमच्यापैकी कुणाची तपासणी पॉझिटिव्ह आली तर? येऊ शकते. घाबरून हॉस्टेलच्या खोलीत कोंडून घेऊ नका, रात्रीतून बॅग भरून गायब होऊ नका. घरी या. भारतात 2004 पासून एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचं औषध, सरकारी केंद्रात फुकट मिळतं आणि 2017 चा कायदा सांगतो की एचआयव्हीमुळे कुणालाही शिक्षण किंवा नोकरी नाकारता येणार नाही. गोळ्या नीट घेणारा माणूस म्हातारा होतो. मी अशी माणसं म्हातारी होताना पाहिली आहेत. तुमच्या रूममेटवर ही वेळ आली तर व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर त्याचं नाव टाकणारे तुम्ही असू नका.

तिथल्या लोकांकडे वरून पाहू नका, एवढीही विनंती आहे. जगातल्या चार क्षयरुग्णांतला एक भारतात आहे. माझ्या ओपीडीत दर दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या माणसांची रिकामी कार्डं साठतात. औषध इथे, माणूस कर्नाटकात किंवा सांगलीच्या फडावर. आम्ही कार्डावर लिहितो ‘लॉस्ट टू फॉलोअप’. तो शेरा लिहिताना दर वेळी माझा पेन क्षणभर थांबतो. गेल्या हंगामात आमच्या दोन आशाताईंनी मुकादमांचे फोन नंबर मिळवले आणि कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रात गोळ्या पोचवल्या. चौदांपैकी अकरा जणांनी उपचार पुरा केला. उरलेल्या तिघांना शोधतो आहोत.

उन्हाळ्यात सुट्टीला घरी आलात की एक दिवस माझ्या ओपीडीत येऊन बसा. गुरुवारी क्षय आणि एचआयव्ही दोन्हींचे पेशंट एकाच खोलीत येतात, ती खोली मिळवायला मला चार वर्षं लागली. येताना तिथल्या वॉर्डातली एका माणसाची हकीकत घेऊन या, नाव न घेता. तो कुठल्या दारावरून परत गेला तेवढं मला सांगा. चहा पिता पिता मी लिहून घेईन.

तुमची,
सोलापूर जिल्ह्यातली एक डॉक्टर